पीठ की मीठ

“पीठ,” मारोतराव म्हणाले.

“मीठ,” बाबूराव म्हणाले.

मी वहीत फुली मारली. ही सकाळपासूनची पाचवी फुली होती, आणि पाचही अशाच. पान म्हटलं की मान. बाळ म्हटलं की माळ. बोट म्हटलं की मोट. मशीन खराब असेल तर मला राग येत नाही, खराब मशीनवरच माझं पोट चालतं. पण हे मशीन खराब आहे की चांगलं, तेच मला कळेना.

मी आधी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये टेक्निशियन होतो. नोकरी सोडल्यावर गोंदियात ॲम्प्लिफायर, माइक, हेडफोन दुरुस्तीचं दुकान टाकलं. दुरुस्तीबरोबर आणखी एक काम आपोआप गळ्यात पडलं, ते म्हणजे माल पाहून देणं. कुणी नव्या कंपनीचं काही घ्यायला निघालं की आधी माझ्याकडे आणायचं आणि “साहेब, जरा बघा” म्हणायचं.

ही गोष्ट दोन हजार पंधराच्या आसपासची. अर्जुनीकडे रहांगडाले भाऊंची नाटक कंपनी होती. भाऊंची धानाची शेती, धानाचा व्यापार आणि दिवाळीनंतर नाटकं. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. सीझनमध्ये नट आज या गावात, उद्या त्या गावात. तीन-चार नाटकं एकाच वेळी डोक्यात ठेवायची. म्हणून प्रॉम्प्टर लागतो. प्रॉम्प्टर म्हणजे वही घेऊन स्टेजच्या पुढे मधोमध, प्रेक्षकांकडे पाठ करून बसणारा आणि नटाला पुढचं वाक्य हळूच सांगणारा माणूस. भाऊंच्या कंपनीत हे काम मारोतराव वीसेक वर्षं करत होते.

पण भाऊंनी नाटकांचं व्हिडिओ शूटिंग सुरू केलं आणि घोटाळा झाला. प्रत्येक शॉटमध्ये नायक, नायिका आणि मारोतरावांचं टक्कल. भाऊंना ते बघवेना. तेवढ्यात एका व्यापाऱ्यानं त्यांना वायरलेस हेडफोन दाखवले. प्रॉम्प्टर पडद्यामागे बसून माइकमध्ये बोलेल, नटाच्या कमरेला डबी, कानावर छोटा हेडफोन, वरून फेटा नाहीतर टोप. कंपनीचं नाव मी तरी कधी ऐकलं नव्हतं. डब्यावर इतक्या वळणाच्या अक्षरांत लिहिलं होतं की मी एक वाचायचो, भाऊ दुसरंच वाचायचे आणि व्यापारी दोन्हींना “हौ, वहीच” म्हणायचा.

“भाईसाब, माल एक नंबर है. चला के देख लो,” म्हणून त्यानं चार मॉडेल ठेवून दिली. भाऊंनी मला बोलावलं. सीझनला दहा दिवस होते.

तालीम भाऊंच्या धानाच्या गोदामात चालायची. तिन्ही बाजूंनी पोत्यांची थप्पी, मागे तालमीचा पडदा, त्यामुळे आवाज घुमत नव्हता. माझ्या दृष्टीनं उत्तम जागा. मी हेडफोनवर एक ते चार नंबरच्या चिठ्ठ्या चिकटवल्या आणि एक्स्चेंजमधली जुनी पद्धत काढली. लाईन चांगली की वाईट हे ठरवायला आम्ही सारखे वाटणारे वीस शब्द एका टोकाकडून वाचायचो, दुसऱ्या टोकाच्या माणसानं ऐकू आलं ते सांगायचं. किती बरोबर, तेवढे लाईनचे मार्क. मशीनची बोली कितीही गोड असो, मार्क खोटं बोलत नाहीत, असा माझा त्या काळी पक्का समज होता.

मारोतराव आपल्या नेहमीच्या जागी बसले आणि कॉलरच्या माइकमध्ये पुटपुटू लागले. समोर आळीपाळीनं दोन नट. एक शोभाताई, कंपनीची नायिका, तोंडानं फटकळ. दुसरे बाबूराव, साठीकडे झुकलेले. बापाची, सरपंचाची, न्यायाधीशाची कामं करायचे. सगळी कंपनी त्यांना मामा म्हणायची.

शोभाताईंचा निकाल सरळ होता. एक नंबर चांगला. दोन नंबरमध्ये खरखर. तीन नंबर बरा, पण बॅटरी लवकर उतरते. चार नंबर कानाला लावून त्यांनी लगेच काढला.

“हा कोन बनवला बाप्पा? ‘स’ आला का शिट्टी वाजते. सुई टोचल्यावानी लागते.”

मीही लावून पाहिला. खरंच होतं. पातळ, चिरका आवाज. वहीत लिहिलं, ‘नापास’.

बाबूरावांकडे आलो आणि गणित बिघडलं. त्यांना चारही हेडफोन “फस्क्लास”. खरखरीचा पण फस्क्लास, शिट्टीचा पण फस्क्लास. मार्क मात्र चारही हेडफोनला सारखेच, वीसपैकी चौदा-पंधरा. आणि चुका त्याच. प, ब, म यांची अदलाबदल.

इथे थोडं धंद्यातलं सांगतो. लाईन किंवा वायरलेस खराब असेल तर आधी बारीक अक्षरं मरतात. स, श, त, च. साल म्हटलं तर चाल ऐकू येईल, ताल ऐकू येईल. पण स बरोबर आणि प-ब-मच तेवढे चूक, असा दोष मी आयुष्यात पाहिला नव्हता. मी माइक बदलला. माइकवरचा फोम बदलला. हेडफोनवरच्या चिठ्ठ्या गुपचूप अदलून बदलून लावल्या. शोभाताईंनी प्रत्येक हेडफोन बिनचूक ओळखला. बाबूरावांच्या मिठाचं काही पीठ होईना.

दुपारी भाऊ म्हणाले, “शब्द-बिब्द सोडा साहेब. एक शीन करून पाहा.”

बाबूरावांनी तीन नंबर लावला आणि बाप-मुलीचा प्रवेश केला. मारोतराव समोर बसून सांगत होते. दहा मिनिटांत एक वाक्य इकडचं तिकडे नाही. शेवटी शोभाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं, ते खरं होतं की तालमीचं, देव जाणे. मी विचारलं, “आवाज कसा होता?”

“एकदम गोड,” बाबूराव म्हणाले.

त्यांनी डबी माझ्या हातात दिली. डबीचा दिवा बंद होता. मी बटण दाबलं, काही नाही. बॅटरी संपलेली. किती वेळापासून? माहीत नाही. पण प्रवेश सुरू व्हायच्या आधी मी स्वतः ती डबी शोभाताईंकडून घेतली होती तेव्हा दिवा शेवटचे आचके देत होता, हे मला आता आठवलं. म्हणजे मेलेल्या हेडफोनचा आवाज बाबूरावांना गोड लागला होता.

आता मला राग आला. आदल्या दिवशी व्यापारी बाबूरावांना चहा पाजताना मी पाहिला होता. दोन आणि दोन चार केले. मामांनी व्यापाऱ्याशी संधान बांधलंय, म्हणून सगळा माल फस्क्लास. आणि वाक्यं? ती पाठ असणार. मला वाटलं, यांना रंगेहाथ पकडावं.

मी सगळ्यांना जमवलं. भाऊंना खुर्ची दिली. एक नंबर, म्हणजे शोभाताईंनी पास केलेला, नवी बॅटरी घालून बाबूरावांना लावला आणि मारोतरावांना म्हटलं, “तुम्ही पडद्यामागे जा. तिथून शब्द वाचा. नाहीतरी सीझनमध्ये तिथेच बसायचंय.”

मारोतराव उठेनात. “साहेब, राहू द्या ना. थकले ते आता.”

“पाच मिनिटांचं काम आहे.”

“कायले उगाच? उद्या करू.”

“आत्ताच,” मी म्हणालो. माझा आवाज चढला होता, ते मला नंतर समजलं.

मारोतराव पडद्यामागे गेले. वाचू लागले. मी दुसरा हेडफोन कानाला लावून ऐकत होतो, शब्द स्वच्छ येत होते. बाबूराव गप्प. ते मारोतरावांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होते. मग पडद्याकडे. मग माझ्या तोंडाकडे, जणू शब्द मीच सांगणार होतो. मधेच काहीतरी अंदाजानं बोलले. संपल्यावर मी मार्क मोजले आणि सवयीनं, मोठ्यानं, पंधरा माणसांसमोर वाचले.

“वीसपैकी चार.”

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. पीठ, मीठ, बीट. तिन्ही म्हणताना ओठ सारखेच मिटतात. ओठ बघणाऱ्याला प, ब, म यांतला फरक कळत नाही, बाकी बरंच कळतं. बाबूराव दिवसभर हेडफोन ऐकतच नव्हते. ते मारोतरावांचं तोंड वाचत होते.

हे मला कळलं त्याच क्षणी भाऊंनाही कळलं. भाऊ माणूस वाईट नाही, पण कंपनी चालवतात.

“मामा, ऐकू येत नाई तर सांगाचं होतं ना,” ते म्हणाले. “प्रॉम्प्टर मागं बसला तर तुमचं कसं होईल? वडशाचा एक नट रिकामा आहे, त्याले इचारून पाहातो. तुमी यंदा आराम करा.”

बाबूरावांनी हेडफोन काढून नीट डब्यात ठेवला आणि बाहेर गेले. मारोतराव पडद्यामागून आले ते माझ्याकडे न बघता त्यांच्या मागे गेले. मला माझीच शरम वाटली. चोर पकडायला निघालो होतो आणि एका म्हाताऱ्या माणसाचं झाकलेलं उघडं करून बसलो.

थोड्या वेळानं मीही बाहेर गेलो. दोघं हातपंपाजवळ बसले होते. मी माफी मागितली. बाबूराव माझ्या तोंडाकडे बघत होते, आता का ते मला माहीत होतं.

“साहेब, तुमी मशीन तपासाले आलते,” ते म्हणाले. “मंग नापास मले काऊन केलं?”

मी खाली बसलो.

“पाच-सहा सालापासून असं आहे,” ते पुढे म्हणाले. “बहिरा नाई मी. आवाज येते. शब्द येत नाई.”

“माह्याच तोंडाकडं पाहून काम करते,” मारोतराव म्हणाले. “मनून मी तोंड मोठं हालवतो. लोकायले वाटते, मारोत्या पान खाऊन राहिला.”

आवाज येतो, शब्द येत नाही. हे वाक्य मी एक्स्चेंजमध्ये शेकडो वेळा ऐकलं होतं. लांबच्या लाईनचे ग्राहक नेमकी हीच तक्रार करायचे. लाईन लांबली की बारीक स्वर, म्हणजे स, त, च यांतली शिट्टी, वाटेत मरतात, जाडे तेवढे पोचतात. ‘आ’ ऐकू येतो, पण त्याच्या आधी साल होतं की ताल, ते कळत नाही. त्यावर आवाज वाढवून उपयोग नसतो, नुसता गोंगाट वाढतो. फक्त बारीक स्वर वाढवून द्यावे लागतात. कानाचंही वयाबरोबर असंच होतं, हे मी कुठेतरी वाचलं होतं. पण वाचलेलं वेळेवर आठवेल तर तो माणूस कसला.

बारीक स्वर गरजेपेक्षा जास्त वाढवलेला हेडफोन माझ्याकडे होता. मी सकाळी त्याला नापास केला होता.

चार नंबर घेऊन आलो. बाबूराव लावायला तयार नव्हते. मारोतरावांनी दम दिला तेव्हा लावला. मारोतराव पोत्यांच्या थप्पीमागे गेले. या वेळी मी कुणाला बोलावलं नाही. मारोतराव वाचू लागले आणि बाबूराव पहिल्या शब्दाला दचकले. मग एकेक सांगत गेले, मध्ये थांबून, पण सांगत गेले. संपल्यावर मी वही त्यांच्यापुढे धरली. वीसपैकी सतरा. तोंडानं काही बोललो नाही.

बाबूरावांनी आकडा पाहिला. मग थप्पीकडे बघून म्हणाले, “मारोत्या, तुहा आवाज असा रडका आहे?”

“पहिल्यापासूनच,” थप्पीमागून उत्तर आलं.

भाऊंना पटवायला मात्र दोन दिवस गेले. मी त्यांच्यासमोर सगळं पुन्हा करून दाखवलं, पण आधी बाबूरावांना विचारून. भाऊंचा प्रश्न रास्त होता. “चालू शोमधे बॅटरी मेली तर?”

“तर मारोतराव पुढे लागतील,” मी म्हणालो.

शेवटी तडजोड झाली. बाकीच्या तीन नटांना एक नंबर, बाबूरावांना चार नंबर. आणि बाबूरावांच्या प्रवेशात मारोतराव आपल्या जुन्या जागी, माइक लावून. बाबूराव जवळजवळ प्रत्येक प्रवेशात होते.

“मनजे टक्कल व्हिडिओत येनारच,” भाऊ म्हणाले. “मंग एवढं सामान मी कायले घेतलं?”

याचं उत्तर माझ्या अहवालात नव्हतं. अहवालात मी एवढंच लिहिलं की मॉडेल चार सर्वसाधारण वापरास अयोग्य, एक नग घ्यावा. व्यापाऱ्यानं ते वाचून मला दोनदा फोन केला. त्याला वाटलं, लिहिण्यात चूक झाली असेल.

बाबूरावांनी तो सीझन पूर्ण केला. पुढचाही केला. माझ्याशी मात्र ते पुन्हा मोकळेपणानं बोलले नाहीत आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. तेव्हापासून माल तपासायला बसलो की मी आधी विचारतो, ऐकणार कोण आहे. आणि मार्क मोठ्यानं वाचत नाही.

दुसरा सीझन संपल्यावर मारोतराव दुकानात आले. पिशवीतून चार नंबर काढून काउंटरवर ठेवला. कानाची गादी पार फाटली होती, वायरला दोन ठिकाणी चिकटपट्टी, फेट्याचा रंग लागलेला. इतका वापरलेला हेडफोन माझ्या दुकानात क्वचितच येतो. मी स्क्रू-ड्रायव्हर उचलला तसा मारोतरावांनी माझा हात धरला.

“बाबूमामानं खास सांगून धाडलं,” ते म्हणाले. “गादी बदलवा, वायर बदलवा. शिट्टी काहाडू नका.”