पाण्यावरचं ‘येऊ का?’

वल्हं सरळ उभं धरायचं आणि लांबूनच हाक द्यायची, "येऊ का?" मग थांबायचं. समोरून "या" आलं की वल्हं खाली घेऊन सावकाश पुढे यायचं. मामांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते असेच पाण्यात थांबलेले होते, आणि मला वाटलं, हा म्हातारा कुणाला तरी सलाम करतोय.

तुम्ही पैठणकडे, जायकवाडीच्या फुगवट्यावर गेला असाल तर अशी माणसं पाहिली असतील. होडी नसते. थर्माकोलचे दोन जाड ठोकळे, वरून पोतं शिवलेलं, दोरीने आवळलेले. त्यावर मांडी घालून बसायचं आणि फळीच्या तुकड्याने पाणी मारत जायचं. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. त्यांचं नाव मला माहीत आहे, एका कागदावर ते मीच माझ्या हाताने लिहिलं होतं. इथे लिहिणार नाही.

मी तेव्हा तिथल्या एका रिसॉर्टचा मॅनेजर होतो. शहरात सिडकोला घर, तिथून रोज मोटारसायकलवर जाऊन-येऊन. तंबू, हुरडा पार्टी, दोन स्पीडबोटी आणि पाण्यावर तरंगणारी एक जेट्टी. जेट्टी ज्या खोलगट कोपऱ्यात होती तिथे तिन्ही बाजूंनी उंचवटा. बाहेर वारा कितीही असो, आत पाणी निवांत. मालकांनी जागा त्यासाठीच निवडली होती, आणि मासेमारी करणारे चाळीस-पन्नास वर्षं तिथे आसऱ्याला येत होते तेही त्यासाठीच.

मामांची ‘येऊ का’ची खोड फक्त पाण्यापुरती नव्हती. एकदा मी ऑफिसात फोनवर होतो. दाराशी "येऊ का?" ऐकू आलं. मी हात केला की नाही आठवत नाही, फोन चालूच राहिला. अर्ध्या तासाने बाहेर आलो तर मामा उन्हात पायरीजवळ उभे.

"अहो मामा, आत का नाही आलात?"

"तुमी बोलले नाय ना साहेब."

"मग जायचं तरी!"

ते हसले. खालचे दोन दात नव्हते, त्यामुळे हसले की लहान पोरासारखे दिसायचे. "जायचं कशाला? नाय म्हनले नाय तुमी. जाळं वढताना दोनी हात गुतलेले असतेत, दोरी दातात धरलेली असती. कसा बोलल मानूस? म्हून बोललं नाय म्हंजे थांबायचं. हात रिकामे झाले की बोलतं."

मी हे घरी आईला सांगितलं, मित्रांना सांगितलं, हसत हसत सांगितलं. म्हणजे मला ते नीट समजलं होतं. हे लक्षात ठेवा, पुढे मला कुठलीही सबब शिल्लक राहू नये म्हणून सांगतोय.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मामांनी एक मरळ आणून दिली. ओल्या पोत्यात गुंडाळलेली, जिवंत. "जखम लौकर भरती यानं. रस्सा पातळ ठेवा म्हनावं, तेल कमी." आई शाकाहारी नव्हती, पण मासे नीट करणंही आमच्या घरी कुणाला येत नव्हतं. कन्नड तालुक्यातले आम्ही, आमचं सगळं मटणावर. मी मामांना फोन लावून विचारलं तर त्यांनी फोनवरच राख चोळण्यापासून सगळं सांगितलं, मध्येच ओरडले, "डोकं टाकू नका हां!" आई बरी झाल्यावर दोनदा म्हणाली, त्या माणसाला एकदा घरी जेवायला आण. आणतो म्हणालो. आणलं नाही.

मग मालकांच्या डोक्यात आलं की जेट्टीच्या आसपास जाळी आणि तराफे दिसता कामा नयेत. पाहुणे नाराज होतात, वास येतो, फोटोत घाण दिसते. कागद मीच त्यांना वाचून दाखवले होते. जमीन भाडेपट्ट्याची, तीही काठापर्यंत. पाणी सरकारचं आणि मासे धरायचा हक्क गावच्या मच्छीमार सोसायटीचा. मालक म्हणाले, "पाणी राहू दे त्यांचं. दोरी तर आपली आहे ना?" दुसऱ्या दिवशी मी निळे ड्रम मागवले, नायलॉनच्या दोरीत ओवले आणि कोपऱ्याचं तोंड बंद करून टाकलं. एक फाटक ठेवलं, बोटी जायला. पाटी लावली: मासेमारीस सक्त मनाई.

बाकीचे मासेमारीवाले चिडले. सोसायटीत जातो, कलेक्टरकडे जातो म्हणाले. मामा एकटे दोरीपर्यंत आले, वल्हं उभं धरलं, "येऊ का?" मी "या" म्हणालो. जेट्टीला टेकून त्यांनी ड्रमांकडे पाहिलं.

"पक्के बांधले बरं. वाऱ्यात हालायचे नायत."

मला खरं तर भांडण हवं होतं. भांडण सोपं असतं.

"साहेब, मासे ऱ्हाऊ द्या. मासे काय, तिकडं बी घावतील. पर वारं सुटलं की टेकायला हीच एक जागा हाय. पल्याड काठ गाठूस्तोर मानूस बुडतं. तेवढं बघा."

मला वाटलं, हा माणूस समजूतदार आहे, याच्याशी जमेल. मी एक कागद तयार केला. ‘व्यवस्थापनाच्या परवानगीशिवाय मी दोरीच्या आत येणार नाही.’ मालकांना दाखवायला असं काहीतरी हवंच होतं. मामांना वाचून दाखवला.

"म्हंजे इचारून यायचं ना? ते तर आमी करतोच."

"हो, तेच."

"आन् वाऱ्याच्या येळी?"

"तेव्हाही आवाज द्या. कुणीतरी या म्हणेलच की."

"मंग झालं." त्यांनी एकेक अक्षर दाबून सही केली. एक प्रत मागून घेतली, सोसायटीच्या कार्डासोबत प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि पिशवी बंडीच्या आतल्या खिशात ठेवली. मामांनी सही केल्यावर बाकीचेही थंडावले. मालक माझ्यावर खूश.

पण मामा खरोखरच विचारायचे, हा घोटाळा झाला. दिवसातून तीनदा, चारदा. जाळं टाकायला नाही, त्यांनी त्या दोरीच्या आत पुन्हा कधी जाळं टाकलं नाही. पाणी प्यायला, दुपारी सावलीला, कधी नुसतं विचारपूस करायला. पाहुणे नाश्ता करतायत आणि पाण्यातून हाक येतेय, "येऊ का?" एका प्री-वेडिंग शूटिंगमध्ये नवरा मुलगा गुडघ्यावर बसून अंगठी काढतोय, मागे मामा वल्हं उभं धरून. मुलगी हसत सुटली, पण तिच्या वडिलांनी मालकांना फोन केला. मालकांनी मला असं झापलं की मोटारसायकलवर घरी येईस्तोवर कान गरम होते.

सरळ मनाई करावी, तर सोसायटीवाले कागद घेऊन उभे राहतील. परवानगी द्यावी, तर मालक. मी दोन्हीतून वाट काढली. वॉचमनला आणि बोटीवरच्या माणसांना सांगितलं, "हो म्हणायचं नाही, नाही म्हणायचं नाही. गप्प बसायचं. कंटाळून जाईल." तेव्हा मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं. नालायकपणा इतका साधा असतो हे मला त्या वयातही माहीत नव्हतं.

मामा कंटाळले नाहीत. हाक द्यायचे आणि थांबायचे. तास, कधी दीड तास, ड्रमला एका हाताने धरून, उन्हात. मग जायचे. रस्त्यात कुठे भेटले की म्हणायचे, "काल लई कामात व्हते वाटतं तुमी. हात गुतलेले." बोलण्यात तिरकसपणा नव्हता. असता तर मला झोप लागली असती.

तो दिवस उन्हाळ्यातला. दुपारी जेवणं चालू होती आणि पश्चिमेकडून एकदम वारं उठलं. त्या पाण्यावरचं वारं ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगून कळणार नाही. पाच मिनिटांत पाणी मातकट झालं, लाटा काठावर आपटायला लागल्या. तंबूंचे खुंटे उपटले. बायका ओरडत होत्या, मी एका तंबूची दोरी ओढून धरली होती. तेवढ्यात ऐकू आलं.

"येऊ का?"

मी पाहिलं. मामा ड्रमांच्या पलीकडे होते. एक हात दोरीवर, दुसऱ्या हातात वल्हं, उभं. तराफा वरखाली होत होता. मागे जाळं अर्धं पाण्यात, अर्धं त्यांच्या पायांवर. आत, दोरीपासून हाताच्या अंतरावर, पाणी तसं बरंच शांत होतं. वॉचमन जेट्टीवर उभा होता, त्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याला हात केला. ‘थांब, आलो’ असा. त्याला तो ‘नको’ असा दिसला.

"येऊ का?" दुसऱ्यांदा. मग तिसऱ्यांदा.

माझे दोन्ही हात दोरीत होते, पण माझ्या दातांत काही नव्हतं. एक शब्द. ‘या’ म्हणायला किती वेळ लागतो? मला वाटलं, तंबू एकदा बांधू, मग ओरडू. मला वाटलं, आता एवढ्या वाऱ्यात ते काय विचारत बसतील, येतीलच आत.

मी पुन्हा पाहिलं तेव्हा नुसते ड्रम होते.

वॉचमन धावत आला, खुलताबादचा, भला माणूस. "साब, मामा थे, अब नै दिखरे!" बोटी काढल्या तोवर थर्माकोलचे तुकडे जेट्टीला येऊन लागले होते. मी त्याच्यावरच ओरडलो, आवाज का दिला नाहीस म्हणून. तो खाली बघून म्हणाला, "तुमीच तो बोले थे ना साब, जवाब नक्को देओ."

पुढे सगळं रीतसर झालं. बंडीतली पिशवी निघाली, आतला कागद कोरडा होता. माझ्याच अक्षरातलं ते वाक्य ज्याने त्याने वाचलं आणि मान हलवली, की म्हाताऱ्याला नियम माहीत होता, रिसॉर्टची चूक नाही. मालकांनी माझी पाठ थोपटली. मी महिनाभरात नोकरी सोडली, पण त्याने काय होतं? आईला मी अजून खरं सांगितलेलं नाही. ती अधूनमधून विचारते, ते मासेवाले मामा कसे आहेत.

पण ते सगळं नंतरचं. मामा वर आले ते वाऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. वारं पडलं होतं. पायांना जाळं गुंडाळलेलं, आणि लाटांनी त्यांना ड्रमांखालून आत ढकललेलं. जेट्टीला लागून, आसऱ्याच्या पाण्यात. वॉचमनने गावात निरोप धाडला.

त्यांना न्यायला सात-आठ तराफे आले. पुढे मामांचा धाकटा भाऊ. मला वाटलं होतं ते दोरी कापतील, पाटी उपटतील, मला मारतील. मी जेट्टीवर त्यासाठीच उभा होतो. ते दोरीपाशी आले आणि थांबले. सगळ्यांनी वल्ही सरळ उभी धरली.

"येऊ का?" भाऊ म्हणाला.

मी तोंड उघडलं. आवाज फुटेना. मानही हलेना. ते माझ्याकडे बघत राहिले, रागाने नाही, हात गुंतलेल्या माणसाकडे बघावं तसे. आणि थांबले.