सासूबाईंचं दुखणं त्यांच्याच तोंडून

“बायॉप्सीचा रिपोर्ट आलाय. ब्रेस्ट कॅन्सर आहे,” असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा माझ्या सासूबाई घाबरल्या नाहीत, लाजल्या. मुलासमोर नको त्या अवयवाचं नाव निघालं होतं. बायॉप्सी म्हणजे गाठीत सुई घालून काढलेल्या तुकड्याची तपासणी.

मी पुण्याची, नवरा अनिर्बाण कोलकात्याचा. मा, म्हणजे सासूबाई, आमच्याकडे अमेरिकेत कॅरीलाच असतात. ब्लाउज घालताना त्यांचा हात वर जाईना, म्हणून मला शंका आली. गाठ वर्षभर होती आणि बाईंनी अवाक्षर काढलं नव्हतं.

डॉक्टर मांना दुखतं का विचारत, मा मुलाकडे बघत आणि तो बेधडक सांगे, “नो पेन. शी इज फाइन.” जणू गाठ त्यालाच झालीय. शेवटी डॉक्टरांनी त्याला गोड बोलून बाहेर बसवलं आणि फोनवर बंगाली दुभाषी बाई जोडून दिल्या. माझा हात धरून मा बोलू लागल्या.

“माझ्या ठाकुमाला, वडिलांच्या आईला, हेच होतं. इंग्रजांचा काळ, जमीनदारांचं घर. साहेब डॉक्टर आला. तिनं पडद्यातून फक्त हात बाहेर काढला. कुठं दुखतं, असं त्यानं विचारलं. आजोबा म्हणाले, पोटात. नवऱ्याला खोटं कसं पाडणार? पोटाचं औषध घेत घेतच ती गेली. घरात अजून कौतुक आहे, तिनं कधी हूं की चूं केलं नाही.”

दारात बग्ग्या, दिवाणखान्यात झुंबरं, आणि बाईला स्वतःचं दुखणं सांगायची सोय नाही. माझं डोकंच फिरलं. आपल्याकडेही अशा बाईला सोशिक म्हणून मिरवतात आणि सुनांना तिचे दाखले देतात.

मांची लंपेक्टॉमी झाली, म्हणजे स्तन न काढता फक्त गाठ काढली. “अजून थांबला असतात तर अवघड होतं,” डॉक्टर म्हणाले. त्यांचे आणि फोनवरच्या त्या न पाहिलेल्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. तुमच्या घरी कुणी ‘मला काही होत नाही’ म्हणत असेल, तर तिला एकटीला बसवून विचारा.

ऑपरेशननंतर नर्सनं विचारलं, “शून्य ते दहामध्ये किती दुखतंय?”

“टू, मे बी थ्री,” अनिर्बाण सवयीनं म्हणाला.

“तू चूप बस, बाबू,” मा म्हणाल्या आणि नर्सकडे वळल्या. “एट.”

नर्सनं लगेच औषध दिलं. जाताना ती मांना काहीतरी म्हणाली.

“काय म्हणाली ती, बौमा?” त्यांनी मला विचारलं. बौमा म्हणजे सूनबाई.

“सांगितलंत म्हणून थँक यू म्हणाली.”

नर्स गेली त्या दाराकडे मांनी पाहिलं. “दुखतं म्हणून सांगितलं, त्याबद्दल?”