दूध काय खाणं हाय व्हय?

समस्त करवीरनगरीच्या रहिवाशांस, पेठापेठांतल्या तालमींच्या वस्तादांस, गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर तांब्या घेऊन उभ्या असणाऱ्या आबालवृद्धांस आणि विशेषेकरून शनिवारचा उपास दुधावर काढणाऱ्या मारुतीभक्तांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, दूध हे अन्न आहे. ते पातळ असले, पांढरे असले, देवाला चालत असले, तरी ऑपरेशनच्या टेबलाला चालत नाही. सबब ही दवंडी.

हसलात? हसा. प्राथमिक शाळेत बाई म्हणून माझं आयुष्य गेलं. महत्त्वाचं काही सांगायचं तर आधी वर्ग हसवून घ्यावा लागतो, ही माझी जुनी सवय. पण दवंडी खरी आहे. ज्यांच्या घरात लहान मूल आहे त्यांनी ती ऐकून ठेवावी.

"अपेंडिसायटिस," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी माझ्या लेकीच्या, मंगलच्या पोटावरचा हात उचलला. हात उचलताच ती किंचाळली. दाबताना नव्हे, सोडताना. "हीच खूण," ते म्हणाले. "आजच काढायला हवं."

आपल्या मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला, पोटात उजवीकडे खाली, करंगळीएवढी एक शेपटी असते. ती अपेंडिक्स. तिचा उपयोग काय ते मला कुणी नीट सांगितलं नाही. तिला सूज आली की अपेंडिसायटिस, आणि सुजून फुटली तर पोटभर पू. मंगल तेव्हा सहा वर्षांची होती. बांगलादेशची लढाई नुकतीच संपली होती आणि उसाचा हंगाम जोरात होता. माझे यजमान साखर कारखान्यात नोकरीला, हंगामात मुक्काम बिद्रीला. घरात मी, मंगल आणि थोरले दीर, अण्णा.

सुरुवात बेंबीजवळच्या दुखण्यानं झाली होती. जेवण नको, मग उलटी. शेजारणीनं "बेंबी सरकली असंल" म्हणून चोळायला तेल आणलं. तेल लावण्याआधीच दुखणं उजवीकडे उतरलं आणि पोरगी वाकून चालायला लागली, म्हणून वाचलो. मुलाचं पोट असं दुखायला लागलं तर चोळू नका, एरंडेल तर अजिबात पाजू नका. सरळ डॉक्टर गाठा. शनिवारी सकाळी अण्णांनी तिला खांद्यावर घेतलं आणि आम्ही दवाखाना गाठला.

त्या खांद्याबद्दल सांगायला हवं. अण्णा जुने पैलवान. कान मोडलेले, मान नाहीच, बिनलग्नाचे. लाकडाच्या वखारीत कामाला होते. ओंडका नुसता थोपटून तो आतून पोकळ आहे का सांगायचे. मंगल पायावर उभी राहायला लागल्यापासून रोज तिला खांद्यावर बसवून ते गंगावेशीला दूध प्यायला न्यायचे. तिथं म्हशी रस्त्यालाच उभ्या असतात. गवळी समोर धार काढतो आणि फेसाळ पेला हातात देतो. कासेतून निघालेलं दूध, मध्ये ना भांडं ना चूल. घरी येणाऱ्या दुधाला अण्णा 'नळाचा सख्खा भाऊ' म्हणायचे. एका घोटात पाणी ओळखायचे, आणि ओळखलं की गप्प बसायचे नाहीत. माझ्या माहेरच्या एका लग्नात भर पंगतीत त्यांनी मसाला दुधावर दिलेला निकाल आमच्याकडे अजून कुणी विसरलेलं नाही. पोरीला ते 'पैलवान' म्हणायचे. "काय पैलवान, आज किती पेले?" ती दोन बोटं दाखवायची आणि अर्ध्या पेल्यात गार व्हायची.

तर डॉक्टर म्हणाले, "भूल देणारे डॉक्टर दुपारी येतील. तोवर उपाशी ठेवा. पोट रिकामं हवं." मी मान डोलावली. अण्णांनीही डोलावली.

आता गंमत पाहा. तो दिवस शनिवार. अण्णांचा स्वतःचा उपास. अण्णा उपाशी असले म्हणजे दिवसभरात तांब्याभर दूध सकाळी आणि तांब्याभर दूध संध्याकाळी. त्यांच्या शब्दकोशात उपाशी या शब्दाचा अर्थच मुळी दूध असा होता. मी अंथरूण-पांघरूण आणायला घरी गेले. मंगलला तहान लागली होती, ती रडत होती. पेठेतला एक ओळखीचा माणूस दाराशी डोकावला, अण्णांनी त्याला तांब्या देऊन गंगावेशीला पिटाळलं. अण्णांच्या हातचं दूध पोरीनं कधी नाकारलं नव्हतं. पोटात आग असताना तिनं ते प्यायलं.

मी परत आले तेव्हा सिस्टर तिचा फ्रॉक बदलत होत्या. खाली फरशीवर फाटलेलं पांढरं दूध सांडलेलं.

"कुणी पाजलं?" सिस्टर ओरडल्या. "उपाशी ठेवायला सांगितलं होतं ना!"

"उपाशीच हाय की ओ," अण्णा म्हणाले. मनापासून म्हणाले. "दूध काय खाणं हाय व्हय?"

भूल देणारे डॉक्टर आले, त्यांनी ऐकलं आणि ते हात बांधून उभे राहिले. भुलीत असताना उलटी झाली तर ती श्वासनळीत जाते, मूल गुदमरतं. उलटून किती पडलं आणि पोटात किती राहिलं, कोण सांगणार? आमचे डॉक्टर त्यांच्याशी बाजूला जाऊन हलक्या आवाजात बोलले. ठरलं ते असं, की संध्याकाळपर्यंत थांबायचं. मधल्या वेळात सलाईन आणि पेनिसिलिनचं इंजेक्शन.

ती दुपार. एरवी कुठल्याही बाकावर अण्णा दोन माणसांची जागा अडवून बसायचे, त्या दिवशी वॉर्डाबाहेरच्या बाकावर कडेला अर्ध्या माणसाच्या जागेत बसले होते. आत मंगल कण्हत होती, मग रडत होती, मग पुन्हा कण्हत होती. चार वाजायच्या सुमारास ती एकदम शांत झाली. डोळे उघडून म्हणाली, "आई, आता दुखत नाही."

मी हात जोडले. दारातून अण्णांनी ऐकलं आणि ते उठून उभे राहिले, छाती पुन्हा जागेवर आली. "बघा! दुधानंच गुण आला! उगा पोरीला कापाय निघालेत." शेजारच्या खाटेवरच्या पोराची आई कागल भागातली होती, ती म्हणाली, "व्हय बाई, दुधागत औषध न्हाय." आम्ही तिघंही हसलो. ते हसणं मी अजून स्वतःला माफ केलेलं नाही.

कारण सिस्टर हसल्या नाहीत. त्या पळत गेल्या. डॉक्टर आले, पोटाला हात लावला. पोट फळीसारखं कडक.

ही गोष्ट नीट वाचा. अपेंडिक्सचं दुखणं ऑपरेशन न होता एकाएकी थांबलं तर देवाचे आभार मानत बसू नका. फुटल्यावर असं घटकाभर बरं वाटतं. मग पू पोटात पसरतो, पोटाच्या आतल्या अस्तराला सूज येते. त्याला पेरिटोनायटिस म्हणतात. मग पोट कितीही भरलेलं असो, थांबता येत नाही. नाकातून नळी घालून त्यांनी पोट उपसलं आणि पोरीला ऑपरेशनला आत नेलं.

यजमान बिद्रीहून एसटीनं येऊन पोचले तेव्हा ऑपरेशन उरकत आलं होतं. डॉक्टर बाहेर आले. "फुटलं होतं. साफ केलंय. पू वाहून जायला नळी ठेवली आहे. आता वाट पाहायची."

वाट पाहणं म्हणजे काय, ते दवाखान्यात बसल्याशिवाय कळत नाही. ताप चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. पोट फुगलेलं, नाकात नळी, पोटात दुसरी नळी. आतडी रुसली आहेत, डॉक्टर म्हणायचे. ती पुन्हा हलायला लागली की धोका टळला. आणि ती हलली हे कळणार कसं? तर, मंडळी, वाऱ्यावरून. रोज सकाळी डॉक्टर गंभीर चेहऱ्यानं विचारायचे, "वारा सरला का?" मी गंभीर चेहऱ्यानं म्हणायची, "नाही." संबंध वॉर्ड एका सहा वर्षांच्या पोरीच्या पादण्याकडे कान लावून बसला होता. इतक्या आतुरतेनं तर मी मॅट्रिकच्या निकालाची वाट पाहिली नव्हती.

अण्णा आत येत नव्हते. व्हरांड्यात बसायचे. मध्ये एक दिवस ते दिसले नाहीत. संध्याकाळी आले ते कपाळाला अंगारा लावलेला. वाडीला जाऊन आले होते, नृसिंहवाडीला दत्ताच्या पायाशी.

आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तो मंगल ध्वनी झाला. चांगला खणखणीत. कागलच्या बाईनं टाळी वाजवली. मी धावत व्हरांड्यात गेले, अण्णांसमोर उभी राहिले आणि माझी पंचाईत झाली. थोरल्या दिरासमोर हा शब्द उच्चारायचा कसा? डोळ्यांत पाणी. तोंडातून एवढंच निघालं, "अण्णा... झालं."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मग ते भिंतीला धरून खाली बसले. तोंड नुसतं उघडं. त्यांना भलतंच वाटलंय हा प्रकाश माझ्या डोक्यात पडेपर्यंत मागून कागलची बाई ओरडली, "अवो पावणं, रडताय कशापाय? पोरगी पादली!"

अख्खा व्हरांडा हसला. अण्णा हसले नाहीत. त्यांनी उपरणं तोंडावर ओढलं आणि बराच वेळ काढलं नाही.

त्यानंतर सगळं हळूहळू सरळ झालं. नळ्या निघाल्या, पेज सुरू झाली. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "आता भरपूर दूध पाजा." अण्णा दाराशी होते. पहिल्यांदाच पुढे आले. "डाक्टर, एक इचारतो. त्या दिवशी दूध पाजलं नसतं, तर फुटलं नसतं न्हवं?"

डॉक्टर खरं बोलणारे होते. त्यांनी विचार केला. "सांगता येत नाही," ते म्हणाले. "पोरगी बरी आहे, आता ते मनात ठेवू नका."

ते "सांगता येत नाही" अण्णांनी घरी आणलं आणि सांभाळलं. त्याऐवजी डॉक्टर खोटं बोलले असते तर, असं मला अनेकदा वाटलं. पण खोटं तरी कोणतं बोलणार होते?

घरी आल्यावर मी चहा ठेवला, तर अण्णा म्हणाले, "मला कोरा." दही वाढलं, बाजूला सरकवलं. मग यजमानांनी सांगितलं. पोरगी वाचली तर दूध आणि दुधाचं सगळं सोडीन, असं ते वाडीला बोलून आले होते. बासुंदीच्या गावात जाऊन बासुंदी सोडून येणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मी हे विनोद म्हणून शाळेत सांगितलं होतं. शिक्षिका हसल्या होत्या.

दूध गेलं तशी गंगावेस गेली. अण्णा सकाळी दुसऱ्याच रस्त्यानं वखारीत जायला लागले. पोरीला खांदा मिळेना. तिला वाटलं, पोट कापलेल्या मुलीला खांद्यावर घेत नसतील. ती फ्रॉक वर करून त्यांना व्रण दाखवायची. "अण्णा, भरून आलंय बघा." ते मान फिरवायचे. आणि तिला पैलवान म्हणणंही बंद झालं. मंगल म्हणायला लागले, परक्या मुलीला म्हणावं तसं. आम्ही समजावलं, भांडलो, वाडीच्या एका पुजाऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, नवस मोडायचा तर माणसाच्या मनानं मोडायला हवा. आमच्या अण्णांचं मन कधी कुणाला चितपट करता आलं नव्हतं.

अशी वर्षं गेली. मंगल मोठी झाली, शिकली, तिचं लग्न झालं. अण्णांची मान आधी नव्हती, ती आता दिसायला लागली.

मागच्या थंडीत ते अंथरुणाला खिळले. यकृत गेलं होतं. डॉक्टर वेगळे, दवाखाना वेगळा. मला बाजूला घेऊन म्हणाले, "आता जे मागतील ते द्या." हे वाक्य ज्यांनी ऐकलंय त्यांना त्याचा अर्थ सांगायला नको. पण अण्णा काहीच मागत नव्हते. तोंड मिटून पडले होते.

मंगल सासरहून आली. सकाळी उठून एकटीच गंगावेशीला गेली आणि तोच जुना तांब्या भरून घेऊन आली. सिस्टर म्हणाल्या, घट्ट दूध झेपणार नाही, पाणी घालून चमच्यानं द्या. तिनं तसं केलं. मग त्यांच्या उशाशी बसली आणि त्यांच्याच बोलीत त्यांना म्हणाली, "अण्णा, आज शनवार हाय. डाक्टरांनी तुम्हास्नी उपाशी ठेवाय सांगितलंय."

अण्णांनी डोळे उघडले.

"उपाशीच ठेवायचंय," ती म्हणाली आणि तिनं चमचा पुढे केला. "दूध काय खाणं हाय व्हय?"

ते तिच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी तोंड उघडलं. एक घोट आत गेला. जिभेवर फिरला. मी पदर तोंडाला लावला. आता ते रडतील, काहीतरी म्हणतील, मनावरचं इतक्या वर्षांचं ओझं उतरवतील असं मला वाटलं. त्यांच्या कपाळावर आठी चढली, आणि व्हरांड्यापर्यंत जाईल असा त्यांचा तो जुना आवाज निघाला:

"पैलवान, पाणी घातलंय की गं ह्यात!"