नेमक्यांनी घेतलेला करंट

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर काकू सांगेल, आणि तिच्या तोंडून चूक दीडपट होऊन बाहेर पडते. काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, वाकायची मनाई होती. "गाडीच्या बॅटरीत पाणी घाल," असं ते म्हणाले आणि मी घातलं. स्वयंपाकघरातलं, फिल्टरचं, काठोकाठ. बॅटरीला डिस्टिल्ड वॉटर लागतं आणि तेही दोन रेघांच्या मधेच, हे मला कुणी सांगितलं नव्हतं अशातला भाग नाही. सांगत होते तेव्हा मी नुसती मान हलवत होतो.

काकांना सगळे 'नेमके' म्हणत. किती वाजले विचारलं तर "साडेदहाला चार मिनिटं कमी" असं सांगणारा माणूस. वीज कंपनीत मीटर वाचायची नोकरी, एकतीस वर्षं. दाराला कुलूप दिसलं की बाकीचे मीटरवाले 'सरासरी' असा शेरा मारून पुढे सटकत. नेमके दुपारी परत जात, संध्याकाळी परत जात, कुत्रं अंगावर आलं तर त्याची समजूत काढत, पण आकडा स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय लिहीत नसत. सरासरी म्हणजे इस्त्री केलेली थाप, असं त्यांचं मत.

मोटरसायकलच्या बाबतीतही तेच. बॅटरी तीन वर्षं चालेल, फार तर चार, असं दुकानदार म्हणाला होता. नेमक्यांची सहाव्या वर्षात होती. बसवल्याची तारीख तिच्यावर पांढऱ्या रंगाने लिहिलेली. दर महिन्याला पाण्याची पातळी बघायची, टर्मिनलवर पांढरी भुकटी धरली की कोमट पाण्याने धुऊन, पुसून, वर पेट्रोलियम जेलीचं बोट फिरवायचं. रजा असली तरी दोन-चार दिवसांआड गाडी अर्धा तास हिंडवून आणायची. अंगणात दोन मिनिटं घुर्रघुर्र करून बंद करणाऱ्यांचा त्यांना भारी राग. "स्टार्टरला जेवढं गेलं तेवढंही परत मिळत नाही तिला. मग म्हणायचं, बॅटरी मेली. बॅटरी मरत नाही, तिला मारतात."

"एवढी जेली माझ्या गुडघ्यांना लावली असतीत," काकू म्हणे, "तर मीही वॉरंटीच्या पुढे चालले असते."

निवृत्तीच्या दिवशी नेमक्यांच्या यादीत अकरा मीटर उरले होते, सगळे दगडखाणीपलीकडचे. पाचच्या आत आकडे ऑफिसात पोचले की झालं. एकतीस वर्षांत एकही सरासरी नाही, असं म्हणायला ते मोकळे. बारा वाजता एका वेल्डिंगच्या दुकानासमोरचा मीटर वाचून त्यांनी गाडीचं बटण दाबलं. टक्. टक्. टक्. हॉर्न वाजवला तर तो चिरडलेल्या उंदरासारखा चिरकला. गाडीला किक नव्हती, आणि पेट्रोलचा पंपच बॅटरीवर चालणारा, त्यामुळे ढकलूनही उपयोग नव्हता.

आणि दुकान नेमकं त्या वेल्डरचं. नऊ वर्षांपूर्वी त्याने खांबावरच्या तारेवर आकडा टाकून फुकटची वीज ओढली होती, ती नेमक्यांनीच पकडून दिली होती. तेव्हापासून दर महिन्याला मीटर वाचताना दोघांत एक शब्द नाही.

"काय काका," वेल्डर चष्मा कपाळावर चढवत म्हणाला, "तुमची पण लाइट गेली?"

"बॅटरी."

त्याने बाजूचं झाकण काढलं आणि शीळ घातली. "हे कुणी भरलंय? विहीर समजला का? ॲसिड उतू जाऊन टर्मिनल खाल्लंय."

"पुतण्याने."

"शिकलेला दिसतोय."

"हो ना."

नेमक्यांनी ऑफिसात फोन लावला. तिकडून साहेब म्हणाले, "अहो, अकराच आहेत ना? टाका सरासरी आणि या. केक मऊ पडतोय." नेमक्यांनी फोन खिशात घातला. बॅटरीच्या दुकानाला सुट्टी होती, वेल्डरची गाडी त्याची मुलगी घेऊन गेली होती.

"चार्जर आहे माझ्याकडे," वेल्डर म्हणाला. "लावू? की आकडाच टाकू, जुन्या सवयीने?"

गिऱ्हाइकाच्या दारात नेमके कधी पाणीसुद्धा पीत नसत. त्यांनी घड्याळ बघितलं, खाणीकडच्या रस्त्याकडे बघितलं. "लाव. पण जेवढी वीज जाईल तेवढी परत करणार. बाकी सगळं बंद कर. मी मोजतो."

वेल्डरने पिचकारीने जादा पाणी काढलं, टर्मिनल घासले, चार्जर लावला आणि मशिन, दिवा बंद करून डबा उघडला.

"पंखा," नेमके म्हणाले.

"काका, जेवतोय मी!"

"पंखा."

पंखा बंद झाला. मीटरवरचा लाल ठिपका बत्तीसशे वेळा लुकलुकला की एक युनिट होतं. एवढ्याशा चार्जरवर तो मिनिटाला जेमतेम एकदा लुकलुकत होता. नेमके स्टुलावर बसले आणि मोजू लागले. दहा. वीस. मानेवरून घाम ओघळला, पण नजर हलली नाही. वेल्डरचा डबा संपला, वर एक डुलकी झाली. नव्वद.

"काका, एक विचारू? तेव्हा तुम्हाला कळलं कसं? वायर तर मी झाडाआड लपवली होती."

"वायर दिसलीच नाही मला. दिवसभर ठिणग्या उडवायचास आणि बिल यायचं एका बल्बचं."

वेल्डर विचारात पडला. "म्हणजे आणखी एक बल्ब लावायला हवा होता!"

नेमके हसले. ड्यूटीवर असताना, मोठ्याने, पोट धरून. डोळे पुसून मीटरकडे बघितलं तेव्हा ठिपका विझत होता.

"एक्याण्णव... की ब्याण्णव?"

"सरासरी धरा."

नेमक्यांनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने डब्याचं झाकण लावून टाकलं.

सव्वादोनला गाडी एका दमात सुरू झाली. "खाणीवर बंद करू नका," वेल्डर ओरडला. अकरा मीटर वाचेपर्यंत इंजिन तसंच फडफडत राहिलं, आणि पाचला सात मिनिटं कमी असताना नेमक्यांनी साहेबांच्या टेबलावर यादी ठेवली. अकराच्या अकरा आकडे खरे. केक मऊ पडला होता, पण त्यांनी दोन तुकडे खाल्ले.

बॅटरी पुढे महिनाभरात गेलीच, माझ्या फिल्टरच्या कृपेने. वेल्डरची वीज मात्र अजून परत करायची आहे. नेमके अधूनमधून जातात, स्टुलावर बसतात, किती झाले असतील यावर दोघं वाद घालतात. वेल्डर म्हणतो, शंभर धरा आणि मिटवा. नेमके धरत नाहीत. परवाही जाऊन आले. पंखा चालू होता म्हणे.