सुमारे सहासष्ट ग्रॅम

आमचे भाऊजी भर मे महिन्यात घरातले पंखे बंद करायचे. वीज वाचवायला नाही. हॉलमधल्या टेबलावर त्यांचा एक तळहाताएवढा काटा मांडलेला असायचा, सोनाराकडं असतो तसा, आणि पंख्याच्या वाऱ्यानं त्याचे आकडे हलायचे. "वहिनी, दोनच मिनिटं," असं म्हणत ते घरभर बटणं बंद करत फिरायचे. त्या दोन मिनिटांत माझी मान घामानं चिकट व्हायची, सासूबाई देवाचा धावा करायच्या आणि भाऊजी श्वास रोखून एका यो-योचं वजन करायचे.

मी पैठणची. लग्न होऊन शहराच्या कडेच्या सातारा परिसर नावाच्या वस्तीतल्या या फ्लॅटमध्ये आले तेव्हा धाकटा दीर वाळूजच्या कंपनीत क्वालिटीला आहे, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही, एवढंच मला सांगितलं होतं. यो-योबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. यो-यो म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं जत्रेतलं लाल प्लॅस्टिकचं चाक यायचं. भाऊजींचे यो-यो ॲल्युमिनियमचे, आत बारीक बेअरिंग बसवलेले, लांबून कुरिअरनं येणारे. दोरा बोटात अडकवून ते असे काही फिरवायचे, की बघता बघता माझी पोळी तव्यावर करपायची.

पण फिरवणं नंतर. आधी वजन. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात मी त्यांना डोक्याला हात लावून बसलेलं पाहिलं आणि घाबरून विचारलं, "काय झालं हो?"

"बॉक्सवर सहासष्ट ग्रॅम छापलंय. भरला चौसष्ट पॉइंट आठ."

"मग फिरत नाही का नीट?"

"फिरतो की. लई भारी फिरतो."

"मग?"

"मग सहासष्ट छापलं कशाला?"

याचं उत्तर पुढं किती वर्षं मी शोधत राहिले देव जाणे. दोरा काढून वजन, दोरा घालून वजन, आतली रबराची चकती काढून वजन. कंपनीवाले कशासकट मोजतात, हा त्यांना छळणारा प्रश्न होता. ते त्या कंपन्यांना इंग्रजीत मेल लिहायचे आणि स्पेलिंग तपासायला मला बसवायचे. एका कंपनीनं उत्तर दिलं, की कारखान्यात थोडा फरक पडतोच. "पडतो, मला माहीत नाय का? रोज तेच बघतो मी," भाऊजी माझ्यावरच उखडले, जणू कंपनी माझ्या माहेरची होती. "मग तसं लिहा ना. सहासष्ट, एखादा ग्रॅम इकडं तिकडं. शाई संपते का यांची?" सासूबाई आतून म्हणाल्या, "योग्या, तुला मुलगी कोण देणार रे?"

मग तो दुष्काळाचा उन्हाळा आला. जायकवाडीनं तळ गाठला. आमच्या भागात इमारती भराभर उठल्या होत्या, नळ मात्र आले नव्हते, आणि बोअर आटल्यावर सगळी भिस्त टँकरवर. माझं माहेर धरणाच्या उशाला, आणि मी इथं भांडी विसळलेलं पाणी संडासासाठी साठवत होते. पाण्यावाचून भाऊजींच्या कंपनीतल्या शिफ्ट कमी झाल्या. रिकामा माणूस घरात बसला आणि त्यानं ठरवलं, की आता आपणच यो-यो बनवायचा. छापील वजनाचा.

त्यांचे मित्र रफीकभाई यांचं छोटं वर्कशॉप होतं. तिथलंही काम मंदावलेलं. भाऊजींनी चित्र काढलं, रफीकभाईंनी मशीनवर साठेक नग उतरवले. तोवर उत्साहाच्या भरात भाऊजींनी बॉक्सही छापून आणले होते. वर ठसठशीत अक्षरांत '६६ ग्रॅम'.

माल घरी आला त्या दुपारी पंखे बंद झाले. एक नग पासष्ट पॉइंट दोन. दुसरा सहासष्ट पॉइंट सात. तिसरा सदुसष्टला टेकलेला. भाऊजींचा चेहरा उतरत गेला.

"अरे भाई, खिलौना है, सोना नै," रफीकभाई कपाळ पुसत म्हणाले. "कायकू इत्ता टेन्शन?"

"असू दे रे, कोण मोजतंय?" आमचे हे म्हणाले.

"मी मोजतो ना!"

शेवटी असं ठरलं, म्हणजे त्यांनी ठरवलं, की प्रत्येक नगाचं खरं वजन काढायचं, बॉक्सवरचा आकडा खोडायचा आणि वर नवा लिहायचा. माझं अक्षर चांगलं, म्हणून मार्कर माझ्या हातात. खिडक्याही लावल्या, कारण बाहेरून झळा येत होत्या. दोन मिनिटांचे किती तास झाले कळलं नाही. मी दोनदा म्हटलं, "भाऊजी, आता पुरे." ते म्हणाले, "हे एवढे झाले की लावतो पंखा."

सासूबाई पाणी प्यायला उठल्या आणि स्वयंपाकघराच्या दारातच कोसळल्या.

पुढचं मला तुकड्यातुकड्यानं आठवतं. घरात उरलेलं बादलीभर पाणी मी त्यांच्या डोक्यावर, हातापायांवर ओतलं. रफीकभाईंनी त्यांना उचलून खाली रिक्षात ठेवलं. दवाखान्यात सलाइन लागलं. घरातून निघताना हातात आलेला एक बॉक्स उलगडून भाऊजी आईला वारा घालत होते, दवाखान्यातला पंखा वर गरगरत असतानाही. सासूबाईंनी डोळे उघडले तेव्हा माझा बांध फुटला. नर्स, पेशंट, कुणाची भीडभाड न ठेवता मी ओरडले, "एका ग्रॅमपायी आई गेल्या असत्या! काय छापायचं ते छापा, नाहीतर फेकून द्या ते सगळं. माझ्या घरात यापुढं पंखा बंद होणार नाही!"

भाऊजी नुसते वारा घालत राहिले.

त्यानंतर काटा कपाटात गेला. भाऊजी शहाण्यासारखे वागू लागले, आणि खरं सांगायचं तर घर भकास झालं. जेवताना ते ताटाकडं बघत जेवायचे. सासूबाईच एक दिवस कंटाळून म्हणाल्या, "मी मेले नाय अजून. ते तुझं भिंगरीचं काम कर पुरं." मग भाऊजी गुलमंडीच्या बाजारातून एक रबरी शिक्का करून घेऊन आले. त्यावर एकच शब्द होता: सुमारे. खोडलेले बॉक्स बदलून, ६६च्या आधी तो उमटवून सगळे बॉक्स बंद झाले. पंखा चालू ठेवून.

यो-यो हळूहळू विकले गेले. कुणाची काही तक्रार नाही. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात नाशिकहून मेसेज आला: "माझा सहासष्ट पॉइंट नऊ भरला. सुमारे म्हणजे नक्की किती?"

भाऊजींनी तो वाचला आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं, ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मेसेज पाठवणारी प्राजक्ता औषधांच्या कंपनीत लॅबमध्ये होती आणि तिच्याकडचा काटा भाऊजींच्या काट्यापेक्षा बारीक होता. उत्तरं गेली, प्रत्युत्तरं आली. बघायचा कार्यक्रम झाला तो नावापुरता. आमच्या हॉलमध्ये बसून तिनं कपाटातला काटा मागून घेतला. भाऊजींचा हात सवयीनं पंख्याच्या बटणाकडं गेला, तशी ती म्हणाली, "अहो, पंखा कशाला बंद करता? काट्याला आडोसा करायचा." आणि चपलांचं एक रिकामं खोकं तिनं काट्याभोवती उभं केलं. आकडा हलला नाही. मी आणि सासूबाई एकमेकींकडं बघतच राहिलो. इतके उन्हाळे!

लग्न झालं. भाऊजींनी नाशिकला नोकरी धरली. सामानाचा टेम्पो खाली भरून उभा होता तेव्हा ते एकटेच वर आले. मी ओटा पुसत होते.

"वहिनी, दवाखान्यात तुम्ही रागावलात ना, ते बरं झालं," ते म्हणाले. "बाबा गेल्यापासून मला कुणी रागावलंच नव्हतं. सगळे नुसते सांभाळून घ्यायचे."

"पोचलात की फोन करा," एवढंच मी म्हणाले, आणि पुसलेला ओटा पुन्हा पुसला.

फोन आला. घर लहान आहे, प्राजक्ताचं ऑफिस जवळ आहे, असं काही बोलून झालं. मग म्हणाले, "वहिनी, इथं नळाला रोज पाणी येतं. उन्हाळाभर आईला घेऊन इकडं या."

"बघू, यांना विचारते," असं म्हणून मी फोन ठेवला आणि सासूबाईंना सांगायला आत गेले, तर त्या माळ्यावरची बॅग खाली काढून तिच्यावरची धूळ झटकत होत्या.