तयार नारळ

नारळ हातात आला की आमदारसाहेब तो आधी कानाशी नेत, हळूच हलवत आणि डोळे मिटून म्हणत, "बोलतोय हो, बोलतोय!" भटजी खोळंबलेले, कंत्राटदार घामाघूम, बायकांच्या ताटातली निरांजनं वाऱ्यानं विझायला आलेली, आणि हे आपले नारळाशी गप्पा मारतायत. लोकांना वाटायचं, काय भाविक माणूस! खरं काय ते फक्त तिघांना ठाऊक होतं. एक खुद्द साहेब, दुसरे त्यांचे ड्रायव्हर रहीमभाई आणि तिसरा मी. नारळात पाणी शिल्लक आहे की वाटेत गळून गेलं, एवढंच साहेब बघत असत.

आमचं पेणच्या बाजारात पूजेच्या सामानाचं दुकान. गणपतीच्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते, एरवी मी गल्ल्यावर जांभया देत बसलेला. साहेब निवडून आले आणि माझे बाराही महिने गणपती सुरू झाले. रस्ता असो, गटार असो, समाजमंदिर असो नाहीतर शाळेची मुतारी, भूमिपूजनाला नारळ आमचाच. आमदाराची कारकीर्द तुम्ही पेपरात वाचली असेल. मी ती नारळांवर बघितली.

पहिलं भूमिपूजन धरमतर खाडीकाठच्या एका गावात होतं. गावाचा बांध खचला होता. आमच्या खारेपाटात बांध आहे तोवर आत भात, बांध फुटला की आत खाडी. एकदा उधाणाचं खारं पाणी शेतात शिरलं की ती जमीन वर्षानुवर्षं तोंड फिरवून बसते. अख्खं गाव जमलं होतं. साहेबांनी नवा कोरा पांढरा लेंगा-सदरा सावरला, नारळ उचलला आणि दगडावर आपटला. टण्ण! नारळ जसाच्या तसा. पुन्हा आपटला. भटजींनी मंत्र लांबवला. तिसऱ्या खेपेला नारळ हातातून निसटला, उतारावरून टुणटुण उड्या मारत गेला आणि खाडीत पडून मजेत तरंगायला लागला. "गेला, गेला, दर्यात गेला!" पोरं ओरडली. सगळे हसले. हसली नाही ती एकटी गावची सरपंच, हिराबाय. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "नारल फुटत नाय, तं बांध काय बांधनार रं तू?"

झालं! बांधाचं काम अडलं ते अडलंच. कधी मंजुरी नाही, कधी निधी नाही. आता याचा नारळाशी काय संबंध? काडीचा नाही. पण साहेबांच्या मनानं घेतलं. एक दिवस भर दुपारी दुकानात आले, स्वतःच्या हातानं शटर अर्धं ओढलं आणि कुजबुजले, "शेठ, एका फटक्यात फुटणारा नारळ असतो का हो?"

"असतो की."

"कुठं मिळतो?"

"मिळत नाही साहेब. करावा लागतो."

कोयत्याच्या पाठीनं नारळाच्या कमरेभोवती हलक्या हातानं टकटक करत जायचं. करवंटी तडकते, पाणी आत राहतं. भेगेवर मेणबत्तीचं मेण, मेणावर हळदकुंकू. देवाच्या बापाला कळणार नाही! तेव्हापासून फोन यायचा तो एवढाच. "शेठ, तयार आहे का?" बायकोला वाटायचं, मी राजकारणात पडलोय आणि साहेब मला उभा करतायत. तिनं माझ्यासाठी एक जाकीटसुद्धा शिवून घेतलं.

साहेबांचं मात्र नाव झालं. 'एका फटक्याचे आमदार'! नारळ दगडाला लागतो न लागतो तोच दोन शकलं. टाळ्या, फटाके, आणि गर्दीतून साहेब मला हळूच डोळा मारणार. एकदा रोह्याला सभागृहाच्या भूमिपूजनाला मंत्री आले आणि तबकात नारळांची अदलाबदल झाली. तयार नारळ मंत्र्यांच्या हाती. त्यांनी तो भक्तिभावानं कपाळाला लावला, तिथंच तो उघडला आणि सगळं पाणी सफारीवर. साहेब इकडे साध्या नारळाशी झटतायत, घाम पुसतायत आणि म्हणतायत, "मंत्रीमहोदयांचं तेजच असं आहे!" मंत्री इतके खूश झाले की सभागृहाचा आणखी एक मजला जागच्या जागी मंजूर करून गेले.

रहीमभाईंच्या जिवाला मात्र घोर. खड्ड्यांतून तयार नारळ शाबूत न्यायचा म्हणजे काय चेष्टा आहे? "शेठ, माझा भाऊ दुबईला काचेची झुंबरं पोचवतो," ते म्हणायचे. "त्याला म्हटलं, तुझं काम सोपं हाय, तिकडं रस्ते हायेत."

हसण्यात दिवस जात होते, पण खाडीकाठच्या त्या गावाचं नाव निघालं की साहेबांचा चेहरा उतरायचा. एकदा दुकानातल्या स्टुलावर बसून म्हणाले, "शेठ, माझा आजा अशाच बांधांवर चिखल वाहून मेला. बाकी शंभर कामं केली आणि तो बांध राहिला, तर मी कसला आमदार हो?" मंत्रालयात त्यांनी किती जोडे झिजवले, मला माहीत आहे. शेवटी पुढच्या निवडणुकीच्या तोंडावर बांधाला मंजुरी आली. पेढे घेऊन आले आणि लहान मुलासारखे म्हणाले, "या वेळी नारळ असा करा, की नुसता बघितला तरी फुटेल!"

मी केला तसा. तिथंच घात झाला.

त्या गावच्या रस्त्याचं भूमिपूजनही साहेबांनीच केलेलं, एका फटक्यात. रस्ता मात्र अजून खड्ड्यांच्या मधेमधे चुकूनमाकून सापडत होता. मी नारळ मांडीवर घेऊन बसलो होतो आणि प्रत्येक खड्ड्याला देवाचं नाव घेत होतो. पोचलो. साहेबांनी नारळ कानाशी नेला, तेवढ्यात हिराबाय पुढं आली.

"थांब. आज मी बगतंय नारल."

तिनं नारळ घेतला, जरासा हलवला आणि दोन्ही हातांत एकेक वाटी! पाणी पायांवर. मग मागून कुणीतरी ओरडलं, "हिराबायनं नुसत्या हातानं फोरला!" टाळ्यांचा कडकडाट झाला, ताशेवाल्यानं ताशा बडवायला घेतला, एका म्हातारीनं तर हिराबायच्या पाया पडायला सुरुवात केली. हिराबाय ढिम्म. तिनं वाटीच्या कडेवरून नख फिरवलं.

"मेन? ही मेनबत्ती हाय काय रं?"

ताशा थांबला. मी खाडीकडे बघायला लागलो, जणू खाडी मी पहिल्यांदाच बघत होतो. साहेबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि त्यांना एकदम हसूच फुटलं. "हिराबाय, मला नारळ फोडता येत नाय गो. कधीच आला नाय. हे शेठ तडकवून देतात."

अख्ख्या गावानं माझ्याकडे बघितलं. धरणीनं पोटात घेतलं असतं तर मी जाकिटासकट गेलो असतो.

"मंग येतं काय तुला?" हिराबायनं विचारलं.

साहेबांनी चपला काढल्या, लेंगा गुडघ्यावर गुंडाळला आणि सरळ खाली चिखलात उतरले. फावड्यानं चिखलाचा गोळा कापला, छातीशी धरून वर आणला, खचलेल्या जागी बसवला आणि टाचेनं दाबत दाबत पक्का केला. "हे येतं," ते म्हणाले. "आज्यानं शिकवलंय." दोन गडी उतरले, मग चार बायका, मग कोण कोण ते विचारू नका. मांडवात उरलो भटजी आणि मी. थोड्या वेळानं भटजीही धोतर खोचून गेले.

काम सुरू झालं, पावसाळ्यात थांबलं आणि निवडणूक आली. विरोधकांना आयतं कोलीत मिळालं. त्यांनी पेणच्या नाक्यावर करवंट्या वाजवत मिरवणूक काढली. करवंट्यांसाठी नारळ आमच्याच दुकानातून गेले, धंदा तो धंदा! साहेबांना कळलं तर फोनवर म्हणाले, "चांगले द्या हो त्यांना. नासके निघाले तर लोक म्हणतील, आमदारानं दिले." आणि साहेब पडले. सपशेल आपटले. गाडी गेली, गर्दी गेली. बांधाचं काम मात्र पुन्हा उभं राहिलं आणि हा पडलेला आमदार एसटीनं तिथं जाऊन मुकादमाशी भांडत बसायचा.

गेल्या वर्षी साहेब गेले. शोकसभेत एकानं त्यांना विकासपुरुष म्हटलं, दुसऱ्यानं झुंजार नेतृत्व. मी मागच्या खुर्चीवर बसलो होतो आणि मला आपली ती उधाणाची दुपार आठवत होती.

बांध पुरा झाल्यानंतरचं ते पहिलं मोठं उधाण. साहेब सकाळीच दुकानात हजर. "शेठ, स्कूटर काढा." आम्ही गेलो तर सारं गाव बांधावर. पाणी चढत होतं. चढता चढता कडेला पोचायला वीतभर राहिलं. साहेबांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की मला कळ लागली, पण मी हात सोडवला नाही. पाणी तिथंच थांबलं, घुटमळलं, आणि मागे सरायला लागलं. आतल्या बाजूला भात वाऱ्यावर हिरवंगार डुलत होतं. मी तर नाचलोच, या वयात!

हिराबाय जवळ आली. साहेबांनी डोळे पुसले आणि खट्याळपणे विचारलं, "आता खरं सांग गो हिराबाय, मत मला दिलं व्हतंस ना?"

"नाय."

"नाय?"

"त्या नव्याला दिला. त्याला बी या कामाला बांधून घ्यायाला नको?" ती म्हणाली. "तू काय, परलास तरी येशील, म्हाईत व्हता मना."

साहेब तिच्याकडे बघतच राहिले. मग त्यांना जे हसू सुटलं ते आवरेना. ओल्या बांधावर पांढऱ्या लेंग्यानिशी त्यांनी फतकल मारली. डोळ्यांतून पाणी वाहतंय, पोट धरलंय, आणि मला पुन्हा पुन्हा सांगतायत, "शेठ, ऐकलंत का? पडलो तरी येईन म्हणे! पडलो तरी!" उधाण पुरतं उतरेपर्यंत ते तिथून उठले नाहीत.