भुंगे काढणारा माणूस

नव्वदच्या दशकात आम्ही सुरतेत, लिंबायतला राहायचो. बाबांनी तिथे वीसेक वर्षं माग चालवले. त्या खडखडाटाने कान अधू झाले, तेव्हा ते कामरेजजवळच्या एका नारळाच्या बागेत कामाला लागले. मी बी.एस्सी.ला होते. वर्गात कुणी विचारलं तर सांगायची, वडील ऑफिसात आहेत.

शेवटच्या वर्षी पिकांवरच्या किडी दाखवायला सरांनी आम्हाला एका बागेत नेलं. बस कामरेजच्या पुढे वळली. बाग तीच होती.

बाबा माडावर होते. खाली उतरले तेव्हा हातातल्या तारेच्या आकड्याला एक काळा, शिंगवाला भुंगा अडकलेला होता. असे भुंगे माडाचा कोवळा शेंडा पोखरतात.

सरांनी विचारलं, "फवारणी का नाही करत?"

ऐकू कमी येत असल्याने बाबा नेहमी मोठ्याने बोलत. मोडक्या गुजरातीत म्हणाले, "एवढ्या उंचावर औषध भुंग्याला कमी, वाऱ्यालाच जास्त लागतं, साहेब. आणि नारळाचं पाणी माणसं पितात."

मग त्यांनी सगळं दाखवलं. एरंडीची पेंड भिजवून ठेवलेली मडकी, त्यांच्या वासाने येऊन बुडालेले भुंगे, शेणाचा उकिरडा उपसून वेचलेल्या जाड पांढऱ्या अळ्या. शेंड्याजवळच्या पानांच्या बेचक्यात वाळू आणि निंबोळी पेंड कशी भरतात, तेही सांगितलं. मडक्यांना उग्र वास येत होता. मुलींनी नाकाला ओढण्या लावल्या. मीही लावली.

गुजराती मैत्रीण कुजबुजली, "तुमच्याकडचा दिसतो. ओळखतेस?"

ओढणी जरा खाली करून मी म्हणाले, "नाही."

बाबा दहा पावलांवर होते. त्यांना ऐकू जाणं शक्यच नव्हतं. पण मागांच्या आवाजात माणसं एकमेकांचे ओठ वाचायला शिकतात, आणि बाबा माझ्याकडेच बघत होते. मग आकडा घेऊन पुढच्या माडाकडे निघाले. माझ्याजवळून जाताना गुजरातीतच म्हणाले, "बेन, जरा बाजूला."

संध्याकाळी घरी जेवताना त्यांनी एवढंच विचारलं, "तुन्हा सरले पटनं का?"

"हो, पटलं सरांना."

"मंग बरं."

अहवालात मी 'एका माळ्याने सांगितले' असं लिहिलं. सरांना अहवाल फार आवडला. म्हणाले, "त्यांना कॉलेजात बोलावू, मुलांना दाखवतील. तू मराठी आहेस, निरोप देऊन ये."

दोन दिवसांनी मी सरांना सांगितलं, "ते गावी गेलेत." बाबा त्या दिवशीही बागेतच होते. सरांनी पुन्हा विषय काढला नाही.

सरांनी बोलावलं होतं, हे बाबांना मी कधीच सांगितलं नाही. ते वारल्यानंतर एकदा आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "नवा सदरा घालीसन गया असतात."